बाहुलीबाई

"हसणं कामावरचं असतं, ते घरी कशाला आणायचं," असं ती एकदा म्हणाली होती.

कुणी तिला विचारलं नव्हतं. तळघरातल्या खेळघरात ठोकळे धुवायचं काम चाललं होतं. सोबतची बाई सहज म्हणाली की दिवसभर पोरांपुढे हसून गाल दुखतात, त्यावर ही म्हणाली. पिवळा ठोकळा पुसत होती, तो ठेवून हिरवा उचलला. वाक्यात विनोद नव्हता आणि तक्रारही नव्हती. गवंडी थापी धुऊन कामावरच ठेवतो आणि मोकळ्या हातांनी घरी जातो, तसं तिचं ते म्हणणं होतं.

त्या वस्तीत सगळे बाहेरून आलेले. कोण कुठून आला हे कुणी विचारत नसे, कारण तिथल्या भूगोलात दोनच ठिकाणं होती, तिकडे आणि इकडे. तिकडे म्हातारी माणसं, अर्धवट बांधलेलं घर आणि पुष्कळदा एखादं मूल. इकडे गोदामं, शीतगृह, इस्पितळाच्या चादरी धुणारा कारखाना आणि त्यांच्या मागे ओळीनं उभ्या केलेल्या उंच इमारती, ज्यांच्या जिन्यात कायम ओल्या कापडाचा वास.

अशा माणसांनाही मुलं होतात. त्याचं वरती कुणाला तरी फार वाईट वाटलं असावं. पाहण्या झाल्या, बैठका झाल्या, आणि असं निघालं की बाहेरून आलेल्या आया आपल्या मुलांशी पुरेसं बोलत नाहीत. दिवसभर गरम चादरींच्या घड्या घालून आलेली बाई घरात पाऊल टाकल्यावर 'बघ, हा लाल ठोकळा, हा निळा ठोकळा' असं म्हणत नाही, आणि म्हणून ते पोर पुढे आयुष्यात मागे पडतं. मागे पडायला दुसरंही काही कारण असू शकेल अशी शंका कुणाला आली नाही. चादरींच्या पाळीचे तास कमी करावेत असंही कुणाला सुचलं नाही. सुचला तो कार्यक्रम.

कार्यक्रम म्हणजे एक निळी पिशवी आणि ती उचलणारी बाई. पिशवीत लाकडी ठोकळे, कापडाचं पुस्तक, न फुटणारा आरसा, घंटी आणि जाड कार्डं. कार्डांवर एका बाजूला हसऱ्या आईचं चित्र, दुसऱ्या बाजूला आईनं म्हणायची वाक्यं. दर आठवड्याला बाई घरी येणार, चटईवर बसणार आणि आईला आई व्हायला शिकवणार. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की मुलाला खालच्या पाळणाघरात जागा. जागा हवी असे सगळ्यांना. शिकायचं कुणालाच नसे.

पिशवीत तळाशी एक बाहुली असे. कापडी, टक्कल असलेली, साधारण वर्षाच्या मुलाएवढी, पोटात वाळूची पुरचुंडी भरून जड केलेली. ती मुलासाठी नव्हती, बाईसाठी होती. बाईनं मुलाला हात लावायचा नाही असा नियम. मूल रडलं तर कसं घ्यायचं, झोप आली तर कसं थोपटायचं, ते बाईनं बाहुलीवर करून दाखवायचं आणि आईनं बघून आपल्या मुलावर करायचं. मुलाला आईचा लळा लागला पाहिजे, बाईचा नव्हे. प्रशिक्षणात हे घोकून घेतलं जाई. मूल दिसलं की संचालिका टाळी वाजवत आणि म्हणत, "हात मागे." सगळ्या बाया हात पाठीमागे बांधत.

यात काही शहाणपण नव्हतं असं नाही. मूर्ख कार्यक्रमातही एखादा शहाणा नियम शिरतोच, आणि बहुतेक नुकसान तोच करतो.

बाहुलीबाई हे नाव ठोकळे पुसणाऱ्या त्या बाईला आयांनी दिलं. तिला ते माहीत होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही, कारण मनावर घेण्याची तिला सवय नव्हती. उंच, सडसडीत, केस मागे ओढून बांधलेले, आवाज कमावलेला. त्या आवाजात ती पोराला म्हणे, "अरे वा, तू घंटी वाजवलीस," आणि पोराला वाटे आपण काही गुन्हा केला.

शनिवारी तळघरात सगळ्या आयांना एकत्र बसवत. बसायला मुलांच्याच खुर्च्या. धिप्पाड बायका त्या वीतभर खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसत, आणि बाहुलीबाई मधोमध उभी राहून बाहुलीला आंघोळ घाली.

"बाई," चादरींच्या कारखान्यातली एक बाई एकदा म्हणाली, "ही रात्री किती वेळा उठते?"

"कोण?"

"ही तुमची टकली."

सगळ्या हसल्या. बाहुलीबाई हसली नाही. "हा नमुना आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी. असा नमुना मिळाला तर मीसुद्धा चांगली आई होईन. द्या बदलून."

"मुलाशी सतत बोलत राहायचं, एवढंच लक्षात ठेवा. आंघोळ घालताना म्हणायचं, आता आपण हात धुतोय, आता आपण पाय धुतोय."

"त्याला दिसतंय की बाई. तो आंधळा नाही."

"त्यानं भाषा येते."

"माझ्या सासूला पोरांकडे बघायला सवड नव्हती, बोलणं तर लांबच. सगळी बोलतात. माझ्या वाट्याला जो आलाय तो तर गप्पच बसत नाही."

पुन्हा हशा. बाहुलीबाईनं बाहुलीचे पाय पुसले, बोटांच्या जागी जी शिवण होती ती नीट कोरडी केली आणि पुढचं कार्ड उचललं. तिला त्या बायांचा राग येत नसे. राग यायला समोरचं माणूस आपल्या बरोबरीचं वाटावं लागतं. ती त्यांच्यासारखीच तिकडून आली होती, तिनंही एकेकाळी चादरी धुतल्या होत्या. म्हणून तर तिला त्यांची जास्तच किळस होती. त्यांच्या घरी गेली की ती सतरंजीचा कोपरा उलटून पाही. खेळायला ठेवलेली खेळणी काही घरांत भिंतीवर उंच खिळ्याला टांगलेली असत, कारण ती परत द्यायची, खराब झाली तर बाई काय म्हणतील. पोरं खाली बसून वर बघत. बाहुलीबाई म्हणे, "छान ठेवलीत," आणि मोजून पिशवीत भरे. खेळणी खाली काढा, हे तिनं कधी सांगितलं नाही. टांगलेली खेळणी स्वच्छ राहात.

एकदा एक नवी मुलगी कामाला लागली, गोल चेहऱ्याची. तिला काम दाखवायला बाहुलीबाई बरोबर घेऊन गेली. शीतगृहात काम करणाऱ्याचं घर. आई आत पाणी तापवत होती, तेवढ्यात पोर पलंगाच्या कडेला आपटलं आणि किंचाळलं. नव्या मुलीनं ते पटकन उचलून खांद्यावर घेतलं. पोर गप्प झालं. आई बाहेर आली, हसली, म्हणाली, "राहू दे गं, तुझ्याकडे बरं वाटतंय त्याला."

बाहुलीबाईनं खाली आल्यावर संचालिकेला सांगितलं. नवी मुलगी रडायला लागली.

"बाई, ते पोर रडत होतं."

"पोर रडतं. ते त्याचं काम. आपलं काम वेगळं आहे."

"म्हणजे रडू द्यायचं?"

"आईला हाक मारायची. बाहुली हातात घ्यायची. दाखवायचं."

"आई येईपर्यंत?"

"आई येतेच," बाहुलीबाई म्हणाली.

नव्या मुलीला कामावरून काढून घरी पाठवून दिलं. संचालिका म्हणाल्या की तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून कार्यक्रम उभा आहे. हे त्या सगळ्यांनाच म्हणत, पण बाहुलीबाईच्या बाबतीत ते खरं होतं. असे कार्यक्रम अशाच बायांवर उभे असतात. ती दुष्ट नव्हती. दुष्टपणाला जी ऊब लागते ती तिच्यात नव्हती.

'आई येतेच' हे वाक्य मात्र तिनं म्हणायला नको होतं. निदान तिनं तरी.

तिची स्वतःची मुलगी रांगायलाही लागली नव्हती तेव्हा ती तिला तिकडे आपल्या आईपाशी ठेवून इकडे आली. तसं सगळेच करत, त्यात विशेष काही नाही. नवरा बर्फाच्या कारखान्यात होता. पुढे तो दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला गेला आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच आहे. ही चादरी धुवायला लागली, मग एका शाळेत पोरांची नाकं पुसायला, मग कार्यक्रमात. येते, येते म्हणत बारा-तेरा वर्षं गेली. मुलगी तिकडे आजीच्या हाताखाली वाढली. आजी दिवसभर शिव्या घाली आणि रात्री कुशीत घेऊन झोपे. ती गेली तेव्हा मुलीला इकडे पाठवण्यावाचून इलाज उरला नाही.

बसच्या थांब्यावर बाहुलीबाई मुलीला घ्यायला गेली. तोवर तिचं प्रशिक्षण पक्कं झालं होतं. पहिल्या कार्डावर लिहिलेलं असे, मुलाशी बोलताना त्याच्या नजरेच्या पातळीवर या. मुलगी पिशवी घेऊन बसमधून उतरली, आणि आई तिच्यासमोर गुडघे मोडून खाली बसली. मुलगी आईच्या खांद्याच्या वर आलेली होती. तिला फक्त आईचा भांग दिसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विरळ झालेले केस. थांब्यावरची माणसं बघायला लागली. बाईचं काही पडलंय की काय म्हणून एकानं वाकून जमिनीवरही पाहिलं.

"तू प्रवास करून आलीस," आई खालून म्हणाली. "तू दमली आहेस."

आजी असती तर आधी एक धपाटा घातला असता, मग घट्ट धरलं असतं. मुलगी दोन्हींची वाट पाहात उभी राहिली.

घरी तेच. "तू दप्तर जागेवर ठेवलंस, छान." "तुला राग आलाय असं मला दिसतंय."

"दिसतंय ना?" मुलगी एकदा म्हणाली. "मग विचार की, का आलाय."

कार्डावर पुढचं वाक्य नव्हतं. बाहुलीबाई उठली आणि भांडी घासायला गेली. त्या घरात मग भांडण असं कधी झालं नाही. एक मुलगी वाढली, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायला लागली, एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून त्याच वस्तीतल्या दुसऱ्या इमारतीत राहायला गेली, आणि जाताना म्हणाली, "येत नको जाऊस उगाच." आईनं ते ऐकलं. सूचना पाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मुलीला मुलगी झाली हे तिला चादरींच्या कारखान्यातल्या त्या बाईकडून समजलं. "अभिनंदन, बाहुलीआजी," ती बाई जिन्यात म्हणाली. बाहुलीबाईनं मान हलवली आणि एक मजला वर गेल्यावर कठड्याला धरून उभी राहिली. तिथं तिला काय झालं ते तिचं तिला ठाऊक. एवढं मात्र दिसलं की त्यानंतर ती त्या दुसऱ्या इमारतीच्या बाजूनं घरी जायला लागली. ती वाट लांबची होती.

मुलीला कामावर परत जायचं होतं, त्यासाठी पाळणाघरात जागा हवी होती, आणि जागेसाठी भेटी. नातेवाइकाच्या घरी भेटीला जायचं नाही असाही नियम होता. आयुष्यात पहिल्यांदा बाहुलीबाईनं नियम मोडला. सोबतच्या बाईला म्हणाली, ती इमारत मला दे, तिथली लिफ्ट चालते, माझे गुडघे दुखतात. सोबतच्या बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि दिली.

दार मुलीनंच उघडलं. कडेवर पोर होतं, गालावर उशीची घडी उमटलेलं.

"तुम्ही येणार होय," मुलगी म्हणाली.

"ही इमारत माझ्याकडे आहे."

"मागच्या आठवड्यापर्यंत तर नव्हती."

"आता आहे."

मुलगी दारात आडवी उभी राहिली. मागून जावई म्हणाला, "अगं, येऊ दे. बाहेर काय उभं करतेस."

"या," मुलगी म्हणाली. "पण कामापुरतं. बाई म्हणून आलात, बाई म्हणून बसा. हिची आजी तिकडे होती, ती गेली."

आणि तसंच चाललं. दर आठवड्याला बाहुलीबाई चटईवर बसे, पिशवीतून एकेक वस्तू काढी, बाहुली मांडीवर घेई. मुलगी समोर बसे आणि सांगितलेलं सगळं चोख करी. "आता आरसा दाखवा," बाहुलीबाई म्हणे. मुलगी आरसा दाखवी. "तिला म्हणा, हे बघ बाळाचं नाक." मुलगी म्हणे. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत होत्या आणि त्यांचं नाक एकसारखं होतं. आरशात ते तिसऱ्यांदा दिसे. भेट संपली की बाहुलीबाई बाहुलीचा हात धरून हलवी, तसा रिवाज होता, आणि पोर आपलाही हात हलवी. जावई स्वयंपाकघरातून म्हणे, "बायकोची बाई आणि माझी सासू एकाच फेरीत उरकतात. चहासुद्धा एकच लागतो. असं कुठं मिळायचं नाही."

"तू गप रे," मुलगी म्हणे. पण एकदा असं म्हणताना तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. बाहुलीबाईनं तो पाहिला.

पोर बाहुलीबाईकडे रांगत येई. तिच्या गुडघ्याला धरून उभं राहू पाही. अशा वेळी तिचे हात आपोआप मागे जात.

शेवटच्या भेटीच्या आधी जावयानं तिला खाली लिफ्टपाशी गाठलं. कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडात स्क्रू. तो त्यानं काढला.

"सासूबाई, एक सांगू? पुढच्या महिन्यात आपली बया वर्षाची होतेय. त्या दिवशी या. आजी म्हणून या. ती निळी पिशवी नको, हात हलवत या."

"तिला चालेल?"

"मी बोललो तिच्याशी."

"काय म्हणाली?"

"बघू म्हणाली. ती बघू म्हणाली म्हणजे निम्मं काम झालं. मला लग्नाचं विचारल्यावरही बघूच म्हणाली होती. एवढी शेवटची भेट नीट पार पडू द्या. आणि जरा सैल बसा हो. तुम्ही बसता म्हणजे तपासणीला आल्यासारख्या वाटता."

"कसं बसू?"

जावई हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती खरंच विचारते आहे. "आता ते मी काय सांगणार," तो म्हणाला आणि स्क्रू परत तोंडात धरला.

तो आठवडाभर बाहुलीबाईनं पिशवी घरी नेली. पिशवी घरी न्यायची नाही हाही एक नियम होता. एकदा नियम मोडायला लागलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. घरी तिनं मूल घ्यायचा सराव केला. ज्या बाईनं वस्तीतल्या निम्म्या आयांना मूल घ्यायला शिकवलं ती आपल्या खोलीत, आरशासमोर, मूल घ्यायचा सराव करत होती. आधी उशी घेतली. उशी हलकी पडली. मग बाहुली घेतली. वाकायचं, काखेत हात घालायचे, छातीशी आणायचं, डोकं खांद्यावर. पुन्हा खाली ठेवायचं. पुन्हा वाकायचं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना तिचा तो कमावलेला आवाज ऐकू जाई, 'काय झालं, काय झालं आमच्या बाळाला', आणि त्यांना वाटे बाई आता कामातून गेली.

शेवटची भेट चांगली झाली. बाहुलीबाई जरा मांडी सैल करून बसली होती. मुलीनं पिशवीतली घंटी स्वतःच काढली आणि वाजवली. पोर खिदळलं. बाहुलीबाई म्हणाली, "हिचा आवाज मोठा आहे."

"आजीवर गेलाय," मुलगी म्हणाली, आणि मग, खाली बघत, "तिकडच्या."

"हो. तिचा आवाज तीन घरं ऐकू जायचा."

"चार," मुलगी म्हणाली.

त्या चटईवर त्यांनी कार्डाबाहेरचं बोललेलं हे पहिलंच. मुलगी उठली. "दूध संपलंय. खालून घेऊन येते, चहा टाकते." दारापाशी चप्पल घालताना तिची पाठ इकडे होती. पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "रडली तर घे तिला."

दार लागलं. लिफ्ट गेल्याचा आवाज आला.

पोरानं आधी दाराकडे पाहिलं. मग बाईकडे. मग ते पिशवीला धरून उभं राहायला लागलं. पिशवी घसरली, पोर बसलं आणि त्याची हनुवटी ठोकळ्यावर आपटली. क्षणभर तोंड नुसतंच उघडं राहिलं, आवाजाची वाट पाहात. मग आवाज आला. खरोखरच आजीवर गेला होता.

बाहुलीबाई पुढे वाकली. दोन्ही हात पुढे गेले. काखेत हात घातले, छातीशी आणलं, डोकं खांद्यावर टेकवलं. "काय झालं, काय झालं आमच्या बाळाला. लागलं? आई येतेच आहे." ती झुलत होती, आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता, डोळे मिटले होते, आणि खांद्यावर बाहुली होती.

तिच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या, एक रडणारी आणि एक घेण्याजोगी, आणि इतक्या वर्षांत रडणारी गोष्ट घेण्याजोगी असते असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोर खाली चटईवर लाल होऊन रडत होतं. त्यानं हात वर केले होते. मग ते रांगत आलं, तिच्या मांडीला धरून उभं राहिलं, तिचा पदर ओढला. बाहुलीबाईनं डोळे उघडले नाहीत. ती बाहुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वरून खाली, जसा फिरवायचा असतो तसा. "शहाणं बाळ. झालं. झालं. गप्प झालं बघ." बाहुली खरंच गप्प होती.

दार उघडलं तेव्हा ती अशीच झुलत होती.

मुलगी दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभी राहिली. तिनं काही लगेच धावत येऊन पोर उचललं नाही, हे सांगायला हवं. तिनं आधी बघितलं. काचा घासणाऱ्याची नजर असते, ती घाई करत नाही. पोर तिच्या आईच्या पदराला लोंबकळत होतं, नाकातोंडातून पाणी, आणि आई त्या टकल्या बाहुलीला थोपटत होती. मग मुलगी आली, पोर उचलून खांद्यावर टाकलं, आणि पोर हुंदके देत थांबलं. त्याला दुसरं काही लागलं नाही.

बाहुलीबाईनं डोळे उघडले. आधी मुलीकडे पाहिलं, मग आपल्या हातांत काय आहे ते.

मुलगी हसली. कुत्सित नव्हतं ते हसू. फार वर्षं अडकून पडलेलं काहीतरी सुटल्यावर येतं तसं होतं, आणि म्हणून ते ऐकायला जास्त वाईट होतं.

"मला वाटायचं फक्त मलाच," ती म्हणाली. "त्या बसच्या थांब्यापासून मी शोधत होते, माझ्यात काय कमी आहे. रंग आहे का, बोलणं आहे का, अंगाला वास येतो का. आंघोळ करून करून कातडी निघायची बाकी होती माझी. आणि काही नव्हतंच. तुला येतच नाही. कुणालाही घेता येत नाही तुला." तिनं पोराच्या पाठीवर एक हलका धपाटा घातला आणि त्याला आणखी घट्ट धरलं. "बरं झालं आज समजलं. खरंच बरं वाटलं."

बाहुलीबाईच्या तोंडाची हालचाल झाली. कदाचित 'तुला राग आलाय असं मला दिसतंय' हे वाक्य तिथपर्यंत आलं असेल. पण मुलीला राग आलेलाच नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

"बसा," मुलगी म्हणाली. "चहा टाकते. दूध आणलंय आता. भेट पूर्ण झाली असं सांगा खाली, जागेचं तेवढं बघा. आणि बाई, त्या दिवशी यायचं काही मनावर घेऊ नका. आम्ही घरच्या घरीच करणार आहोत."

ती पोराला घेऊन स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा, आणि पोराशी काहीबाही बोलण्याचा. 'थांब गं बाई, थांब गं माझ्या म्हशी, तुझं नाक धुऊ दे.' असलं वाक्य कुठल्याच कार्डावर नव्हतं.

बाहुलीबाईनं ठोकळे गोळा केले. एक ओला होता, लाळेनं, तो पुसला. आरसा पालथा करून ठेवला. कापडाचं पुस्तक, घंटी, कार्डं. घंटी वाजू नये म्हणून तिच्यात बोट घालून ठेवली. शेवटी बाहुली. बाहुलीचा हात धरून हलवायचा राहिला होता. तिनं तो धरला आणि सोडून दिला, आणि बाहुली डोक्याकडून आत घातली.

मुलगी चहाचा कप घेऊन बाहेर आली, कडेवर पोर. पोराचा चेहरा आता धुतलेला, पापण्या चिकटलेल्या. त्यानं निळी पिशवी बंद झालेली पाहिली आणि शिकवल्याप्रमाणे हात वर करून हलवायला लागलं. बाईकडे त्याचं लक्ष नव्हतं. पिशवीच्या तोंडातून बाहुलीचा कापडी पाय बाहेर राहिला होता, त्या पायाकडे बघून ते हात हलवत होतं.

बाहुलीबाईनं पाय आत ढकलला, पिशवी खांद्याला लावली, पायात चपला सरकवल्या आणि दाराबाहेर गेली.